पडद्यावरचं लग्न आणि सव्वा मूठ गहू

दोंडाईचा स्टेशनवर मला सोडायला माय आली होती आणि धाकटा भाऊ संजू. आबा आले नाहीत. श्रावणातला मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील, आणि सुरतेकडे जाणारी पॅसेंजर नेहमीसारखी उशिरा धावत होती. माझ्याजवळ एक रेक्झिनची बॅग आणि फडक्यात बांधलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. संजू तेव्हा बारावीला होता. तो नुसता रुळांकडे बघत होता, माझ्याकडे बघायचं टाळत होता. गाडी आली तेव्हा माय म्हणाली, "जाय माय. तठे तुले कोणी काही इचारनार नई." बस, एवढंच. तिथं कोणी विचारणार नाही म्हणजे इथं रोज विचारतील, हे तिला कळत होतं. कळत असून तिनं माझ्या बाजूनं भांडायचं सोडून मला गाडीत बसवलं. तो राग मला पुढे पुष्कळ वर्षं पुरला.

गावात सांगतात, कल्पी शिनेमाना नादे पयी गयी. सिनेमाच्या नादानं पळाली म्हणे! सुरतेला, नाशिकला, पुण्याला गेलेले आपले लोकही हेच सांगतात. म्हणून हे तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते, मागं राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठी. साफ खोटं आहे ते. सिनेमा मी घरात राहूनच करत होते. आणि तुम्ही सगळ्यांनी तो चवीनं पाहिला होता.

आठवतात ना आपले अहिराणी सिनेमे? आठ दिवसांत एक सिनेमा. निर्माते म्हणजे धुळ्यातले ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टवाले शेठ. दिग्दर्शक म्हणजे लग्नांचं शूटिंग करणारे फोटो स्टुडिओवाले, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. कागदावर काही लिहिलेलं नसायचं. अण्णा शेताच्या बांधावर उभं करून सांगायचे, "हाऊ तुना नवरा दारू पिस, तू रागे भर," की मी रागे भरायची. काय बोलायचं ते माझं मीच. माय शेजारणीशी बांधावरून भांडायची तसंच भांडायची मी, त्याच शिव्या, तोच हात कमरेवर. धुळ्याच्या स्टँडबाहेर आमच्या सीड्या विकायला टांगलेल्या असत आणि त्यावर माझा चेहरा. पहिली सीडी आली तेव्हा आबांनी शिरपूरहून टीव्ही आणि प्लेअर भाड्यानं आणून चौकात लावला. स्वतः पुढच्या खाटेवर बसले. मी पडद्यावर खलनायकाच्या कानशिलात दिली तशी ते उठून उभे राहिले आणि मागं वळून म्हणाले, "मनी पोर शे ती!" माझी पोर आहे म्हणे! तेव्हा कुणाचं नाक कापलं गेलं नव्हतं.

कापलं गेलं ते पाचव्या सिनेमात. त्यात नायिकेचं लग्न होतं. मंडप कुठून आणायचा? अण्णांच्या हाती त्या आठवड्यात एका खेड्यातल्या लग्नाचं शूटिंग होतं. ते म्हणाले, खरं लग्न आटोपलं की त्याच मंडपात आपलं उरकू. वऱ्हाड निम्मं पांगलेलं, उरलेले पंगतीनंतर पान खात बसलेले, आणि गुरुजी संध्याकाळच्या एस.टी.ची वाट बघत. अण्णांनी गुरुजींना विनंती केली. गुरुजी म्हणाले, म्हणतो की, पण मला अर्धवट म्हणता येत नाही, म्हटलं तर पूर्ण म्हणेन. आणि खरंच पूर्ण म्हटलं हो त्यांनी! अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, सात फेरे झाले, आणि उरलेल्या वऱ्हाडानं उरलेल्या अक्षता टाकल्या. माझ्यामागं माझे सख्खे मामा उभे. ते माझ्या सोबतीला म्हणून आले होते. अण्णांनी त्यांना पाहिलं आणि म्हणाले, मामा, तुम्हीच उभे राहा, बरं दिसेल. मामांना इतका आनंद झाला की घरी पोहोचेपर्यंत त्यांनी फेटा सोडला नाही. नवरदेव होता दीपक, धुळ्याला मोबाईलचं दुकान चालवणारा मुलगा, दुसऱ्या समाजाचा. फेरे झाल्यावर तो मला म्हणाला, कल्पनाताई, धोतर सुटतंय, शॉट लवकर संपवायला सांगा ना.

ही सीडी चैत्रात आली. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली.

आपल्याकडे कानबाईला सगळे घरी येतात, सुरतेचा गिरणीवाला असो की पुण्याचा इंजिनिअर. बाहेरच्या वाचकासाठी सांगते, की त्या दिवशीचा स्वयंपाक, ज्याला आम्ही रोट म्हणतो, तो डोकी मोजून होतो. भाऊबंदकीतल्या प्रत्येक माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचे. ते दळायचे, आणि तो रोट फक्त ज्यांची मूठ पडली त्यांनीच खायचा. आमच्यात कुवार मुलींची मूठ पडते. लग्न झालेल्या मुलीची नाही, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली. मूठ टाकायचं काम नानांचं, म्हणजे आबांच्या थोरल्या भावाचं. नानांनी आबांचं नाव घेतलं, मायचं घेतलं, संजूचं घेतलं, आणि पुढच्या घराकडे वळले.

माय म्हणाली, "नाना, मनी पोर ऱ्हायनी."

"तिन्हं लगन लागी गयं," नाना म्हणाले.

बायका हसल्या. मलाही वाटलं नाना थट्टा करताहेत.

"ते शिनेमामा, नाना."

"मंत्र कोन म्हने? बामनच ना? अक्षता कसान्या व्हत्या? तांदूयन्या ना? मामा तिन्हाच व्हता ना मांगे? मंग काय बाकी ऱ्हायनं?"

हसणं थांबलं. नाना तसे दुष्ट नव्हते, हे मी आजही म्हणते. त्यांना मनापासून वाटत होतं की अग्नीभोवती फिरलेली पोरगी फिरलेली असते, मग समोर कॅमेरा असो नाहीतर नसो. देवीच्या रोटात परक्या कुळाचं माणूस बसलं तर कोप होईल, याची त्यांना खरीच भीती होती. एक म्हातारा काहीतरी बोलून गेला, ते मी सोडून दिलं असतं. पण आबा तिथंच बसले होते. चौकात उभं राहून मनी पोर शे म्हणणारे आबा टोपलीतल्या गव्हांकडे बघत राहिले. त्यांनी एवढं जरी म्हटलं असतं ना की नाना, टाका मूठ, तरी मी आज कदाचित दोंडाईच्यातच कुठंतरी शाळामास्तरीण असते.

त्या दिवशी घरात पुरणाचा वास सुटला होता आणि माय माझ्यासाठी शेजारच्या चुलीवर खिचडी टाकत होती. मी ती ओट्यावर बसून खाल्ली. आतून ताटांचे आवाज येत होते. मला अजून मुगाची खिचडी जात नाही.

पुढचं वर्ष तर तमाशाच. स्थळं यायची, चहा प्यायची आणि हळूच विचारायची, फारकती झाली का? कुणाशी फारकती, अहो, कुणाशी! शेवटी नानांनीच मार्ग काढला, की दीपककडून पंचांसमोर फारकती लिहून घेऊ, म्हणजे पोर मोकळी. दीपक बिचारा तयार होता. त्याचे वडील मात्र उखडले. आमच्या मुलाचं लग्नच झालेलं नाही तर फारकती कसली, त्याच्यावर उगाच डाग! बघा, त्याच मंडपात, त्याच अक्षतांत तो कुवार राहिला आणि मी नांदायला न गेलेली बाई झाले. पुढच्या वैशाखात त्याचं लग्न झालं. पत्रिका आबांच्या नावानं आली. दुसऱ्या श्रावणात नानांनी पुन्हा माझं नाव गाळलं, आणि कानबाईचे रविवार, सोमवार सरल्यावर मंगळवारी मी त्या पॅसेंजरमध्ये बसले, सुरतेहून पुढं मुंबईला. कळलं आता मी का गेले ते?

मुंबईत मला खरंच कुणी काही विचारलं नाही. मायचं खरं झालं. इतकं खरं झालं की पहिली दोन वर्षं मी जेवले की नाही हेही कुणी विचारलं नाही. मालिकांच्या सेटवर मोलकरीण, दाई, बाजारातली भाजीवाली. गावाकडची बाई हवी असली की मला बोलवायचे, आणि मी आपलं बोलायला लागले की म्हणायचे, हे काय, हे कुणाला कळणार? जरा गावरान बोला ना. गावरान म्हणजे त्यांच्या डोक्यातलं, कुठल्याच गावात कुणी बोलत नाही तसं. मी ते शिकले. आठ दिवसांत अख्ख्या सिनेमाचे संवाद पोटातून काढणारी मी, आता दुसऱ्यानं लिहिलेलं "आवं धनी" म्हणत पदर सावरायला लागले. हळूहळू डबिंगची कामं मिळाली, मीरा रोडला वन रूम किचन झालं, आणि आता एका मालिकेत मी अशी सासू आहे की दूधवालासुद्धा माझ्याशी जपून बोलतो. लिफ्टमध्ये बायका सेल्फी मागतात. इडली-चटणी खाते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हिंदीत भांडते, आणि रागाच्या भरात अजून अहिराणी निघते तेव्हा समोरचा थिजतो.

आबा गेले तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पोहोचले. दारात पाय ठेवला तशी एक चुलती म्हणाली, "तुले तीन दिनन सुतक." लग्न झालेल्या मुलीला बापाचं तीन दिवसांचं. मी तिच्याशी भांडले नाही. तिसऱ्या दिवशी निघाले आणि उरलेले सात दिवस मीरा रोडला एकटीनं पाळले. देवाला दिवा नाही, गोड नाही, गादीवर झोपणं नाही. शूटिंगच्या लोकांना ताप आहे म्हणून सांगितलं. आबांवर रागावलेली असून मी त्यांच्यासाठी एवढं का केलं, मला सांगता येत नाही. बाप होता माझा, म्हणून.

चार वर्षांपूर्वी डबिंगला एक माहितीपट आला. हाँगकाँगच्या जुन्या कँटोनीज सिनेमातल्या एका नटीच्या आयुष्यावरचा. म्हातारी झाली होती, पण बसण्यात अजून नायिकेचा ताठा. मराठीत तिचा आवाज मला द्यायचा होता. पोरवयात गाव सोडून ती बोटीनं त्या शहरात आली. तिचे सिनेमेही आठवड्याभरात उरकायचे, आणि तिच्या गावच्या लोकांना कळेल अशा बोलीत. लोक वेडे झाले तिच्यासाठी. मग मोठ्या भाषेतले मोठे सिनेमे आले, तिच्या बोलीतले बंद पडले, आणि नव्या सिनेमात तोंड तिचं हलायचं पण आवाज दुसरीचा. पुढं टीव्हीवर आत्या, मावशा, खाष्ट सासवा. मी हेडफोन लावून जणू माझीच गोष्ट ऐकत होते. पण मला खरं लागलं ते निराळंच. तिच्या जुन्या सिनेमांचे तुकडे दाखवत होते, त्यात ती कितीदा तरी नवरी झालेली, लाल झगा, डोक्यावर झुंबरासारखा मुकुट, दर वेळी नवा नवरा. आणि शेवटी ती म्हातारपणी आपल्या मूळ गावी जाते, तिच्या कुळाचे लोक लांबलचक टेबलं मांडून जेवायला बसलेत, आणि तिला मधोमध बसवून वाढतात. कुणी म्हणत नाही, बाई, तुझी इतकी लग्नं लागली, तू कुठल्या कुळाची? काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, मॅडम, आवाज जड झाला, परत घेऊ. मी पाणी प्यायले आणि परत घेतला.

मग गेल्या श्रावणाआधी संजूचा फोन आला. नाना आता राहिले नाहीत, मूठ आता संजू टाकतो. म्हणाला, "ताई, औंदा कानबाईले ये. तुनी मूठ टाकसू."

मी म्हटलं, "पुन्हा सांग."

"तुनी मूठ टाकसू ना व. ये तू."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, मालिकेत दोन सुनांना घराबाहेर काढलेली, आणि सव्वा मूठ गव्हासाठी ढसाढसा रडले. प्रॉडक्शनवाल्यांना सांगितलं, त्या चार दिवसांत मला मारून टाका नाहीतर यात्रेला पाठवा, मी येणार नाही. त्यांनी सासूला काशीला पाठवलं. मायसाठी मऊ लुगडं घेतलं, संजूची मुलगी गायत्री जळगावला कॉलेजात आहे तिच्यासाठी घड्याळ घेतलं, आणि दोंडाईच्याला उतरले.

अंगण सारवलेलं, टोपलीला हळदकुंकू लावलेलं, भाऊबंद सतरंजीवर. मायला आता कमी ऐकू येतं, ती खुर्चीत बसून नुसती हसत होती. संजूनं एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. मायचं घेतलं, स्वतःचं, बायकोचं, गायत्रीचं. मग माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "कल्पनाताई." आणि मूठ पडली. सर्र असा आवाज झाला गव्हांचा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चोवीस वर्षांनी माझं नाव घेतलं होतं त्या टोपलीवर.

"पप्पा, एक मिनिट," गायत्री म्हणाली. तिच्या हातात मोबाईल होता. "आत्याचा चेहराच नाही आला. हात काढ ना आत्या. पुन्हा टाका."

संजूनं टोपलीतून मूठ उचलली, पुन्हा टाकली. या वेळी मागून कुणाची तरी म्हैस ओरडली. गायत्रीनं ते पुसलं. तिसऱ्यांदा टाकली, मी डोळे वर केले, पाणी आणलं, गायत्री म्हणाली, मस्त!

मी मायसाठी घेतलेलं लुगडं बॅगेतून काढायला आत गेले. पाचच मिनिटांनी बाहेर आले तर दळण गिरणीवर निघायच्या बेतात होतं, आणि संजू टोपलीतून एक मूठ काढून बाजूच्या पोत्यात टाकत होता. एक पुरी, मग चिमटीनं वरची पाव. मोजून.

"हे काय रे?"

तो लाजलाही नाही, हेच मला जास्त लागलं. समजावल्यासारखं म्हणाला, "ताई, राग नको धरू. भाऊबंद मानतस नई. ते रीलकरता व्हतं, पोरीना हट्ट. तुनं ताट येगळं करेल शे, पुरनपोळी बी शे तेम्हा. पन आठे देवीनं काम शे, खोटं कसं चाली?"

"सिनेमातलं लग्न चाललं ना रे," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा, सतरंजीवरचे सगळे बघायला लागले. "कॅमेऱ्यासमोर अक्षता पडल्या त्या खऱ्या, आणि कॅमेऱ्यासमोर मूठ पडली ती खोटी? कोणी ठरवलं? बोला की! चोवीस वर्षं झाली, एकजण तरी बोला!"

गायत्रीनं मोबाईल खाली घेतला, तेवढी लाज त्या एकट्या पोरीला वाटली. मायनं खुर्चीतून विचारलं, "काय सांगस ती?" संजू तिच्या कानाशी जाऊन म्हणाला, काही नई, उशीर व्हस म्हने तिले. माय माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवन करी जाय माय." मी तिच्या पाया पडले आणि उपाशी निघाले.

ती रील तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. माहेरची लक्ष्मी आली म्हणून तुम्ही खाली हात जोडलेत, जे सतरंजीवर गप्प बसले होते त्यांनीसुद्धा. तुम्हाला दिसते ती तिसरी मूठ. तेव्हा मी काम करत होते, डोळ्यांत पाणी कसं आणायचं ते मला येतं, त्यावरच माझं पोट आहे. पहिली मूठ पडली तेव्हा मी तोंड झाकून रडले, ते कुठं राहिलेलं नाही, पुसलं गेलं. घर म्हणजे काय असं मला आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, की पहिली मूठ पडल्यापासून गायत्रीनं पप्पा, एक मिनिट म्हणेपर्यंत मी घरी होते.